टाच

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचे निकाल लागून शाळेचे नवे वर्ष सुरू झाले होते. एके दिवशी दुपारच्या टपालात माझ्या टेबलावर एक इंग्रजी पत्र आले. शाळेच्या कारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती असतात त्या मंडळींकडून आलेले हे पत्र आमच्याकडील गणिताच्या एका ज्येष्ठ शिक्षकांविषयी होते. त्यांच्या एकूण वागणुकीला त्यात एकच विशेषण लावलेले होते : 'रिकॅल्सिट्रंट'. शेवटी, मुख्याध्यापक या नात्याने माझा अभिप्राय आठ दिवसांत कळवावा, अशी सूचना होती.

प्रकरण असे होते. दहावीला गणिताच्या १०० गुणांपैकी ८० गुण बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने वर्षभराच्या कामावरून द्यायचे. हे वीस गुण पुष्कळदा कसे दिले जातात हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना मी सांगायला नको. १९ आणि २० हे आकडे लिहिताना हात सहसा अडखळत नाही. आमच्या या सरांचा हात मात्र अडखळायचा. ते कोणाला ११ देत, कोणाला १४, कोणाला १८, आणि खरोखरच तसे काम असेल तर २०. 'शाळेच्या निकालाचा विचार करा' असे त्यांना तोंडी सांगून झाले, लेखी सांगून झाले. त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला. दुसऱ्या नकाराबरोबर त्यांनी प्रत्येक मुलाच्या चाचण्या, वह्या आणि तोंडी परीक्षा यांचा सहा पानी तक्ता जोडला. तो तक्ता कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. उत्तर म्हणून आले ते हे विशेषण.

मी इंग्रजीचा शिक्षक. शब्दकोश चाळण्याचा मला जुना नाद आहे, आणि अडचणीच्या वेळी निर्णय पुढे ढकलण्याचे ते एक प्रतिष्ठित साधन आहे, हे मी आता कबूल करतो. त्या रात्री अभिप्राय लिहायला बसलो आणि लिहायच्या ऐवजी हा शब्द शोधू लागलो. त्या शोधातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश. नावे, गाव, संस्था मी सांगणार नाही. त्यांची गरजही नाही.

*

'रिकॅल्सिट्रंट' हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मूळ मात्र लॅटिन. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच. त्यावरून टाचेने लाथ मारणे हे क्रियापद झाले, आणि त्याला मागे या अर्थाचा उपसर्ग लागून 'मागच्या मागे लाथ झाडणे' असा अर्थ तयार झाला. आपल्याकडे घोडा किंवा गाढव मागचे दोन्ही पाय उचलून जे करते त्याला आपण दुगाण्या झाडणे म्हणतो. तेव्हा हे भारदस्त विशेषण मराठीत आणायचे तर 'दुगाण्या झाडणारा' एवढेच भाषांतर होते. आमच्या सरांना त्या पत्राने अगदी सभ्य इंग्रजीत जनावर म्हटले होते.

पण पुढची गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. या क्रियापदाचा एक प्रसिद्ध जुना वापर रोमन कवी होरेस याच्या उपरोधपर कवितांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. काळ इ. स. पू. ३० च्या सुमाराचा. होरेसचा एक वकील मित्र त्याला सल्ला देतो की, बाबा, टीका करणारे असले काही लिहिण्यापेक्षा सीझरच्या पराक्रमाचे गुणगान कर. होरेसचे म्हणणे असे की, योग्य वेळ आली तर तेही करीन. पण चुकीच्या वेळी, चुकीच्या हाताने थोपटायला गेले तर हा प्राणी लाथ झाडल्याशिवाय राहत नाही. इथे लाथ झाडणारा कोण? साक्षात सीझर, म्हणजे पुढे ऑगस्टस या नावाने सम्राट झालेला ऑक्टेव्हियन. रोमच्या त्या सर्वसत्ताधीशाला कवीने हे क्रियापद लावले होते.

दोन हजार वर्षांत या शब्दाचा पत्ता असा बदलला. आज कोणी मंत्र्याला, सचिवाला किंवा संस्थेच्या अध्यक्षाला 'रिकॅल्सिट्रंट' म्हणत नाही. त्यांनी नकार दिला की ते खंबीर असतात, कणखर असतात, तत्त्वनिष्ठ असतात. हा शब्द उरला तो कारकुनासाठी, कैद्यासाठी, संपावरच्या कामगारासाठी, वर्गातल्या मुलासाठी आणि गणिताच्या शिक्षकासाठी.

बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात यावर एक गंमत केली होती. क्रियापद जसे पुरुषाप्रमाणे चालते तसे त्यांनी विशेषण चालवून दाखवले. एकच गुण प्रथम पुरुषात निश्चयीपणा होतो, द्वितीय पुरुषात हट्टीपणा होतो आणि तृतीय पुरुषात निव्वळ आडमुठा मूर्खपणा होतो. ऐकणारे हसले असतील. आपणही हसतो. मात्र वर्गात व्याकरण शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की, तृतीय पुरुष म्हणजे जो बोलण्याच्या वेळी समोर नसतो तो.

*

आपल्या भाषेकडे पाहिले तरी फार वेगळे चित्र दिसत नाही. 'अडेलतट्टू' हा आपला लाडका शब्द. चालता चालता अडून बसणारे तट्टू. हा शब्द कोणी तयार केला असेल? तट्टाने नक्कीच नाही. तो स्वाराच्या तोंडचा शब्द आहे. तट्टू का अडले, पुढे खड्डा होता का, पाठीवर ओझे किती होते, सकाळपासून त्याला पाणी दाखवले होते का, हे काहीही त्या शब्दात नाही. 'हेकट', 'हेकेखोर', 'हटवादी' हे सारे शब्द असेच वरून खाली येतात.

बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट अशी तीन हट्टांची जोडणी आपल्याकडे परंपरेने सांगतात. लहानपणी मला ती मोठी समतोल वाटायची, कारण तिच्यात राजालाही सोडलेले नाही. पुढे शंका आली. बालक आणि स्त्री यांचे हट्ट पुरवायचे की मोडायचे हे ठरवणारा कोणीतरी तिसराच आहे, आणि राजाचा हट्ट मोडण्याची सोय कोणालाच नाही. प्रौढ पुरुषाचा हट्ट यादीत नाहीच. बहुधा यादी त्यानेच केली असावी.

आमच्या भागात कन्नड रोजच कानावरून जाते. कन्नडात 'मोंडु' म्हणजे बोथट, धार गेलेला विळा किंवा सुरी. हट्टीपणालाही त्या भाषेत 'मोंडुतन' म्हणतात. ही उपमा मला लॅटिनपेक्षा सौम्य आणि खोल वाटते. हट्टी माणूस लाथ मारत नाही, तो फक्त कापला जात नाही आणि कापतही नाही. पण इथेही तक्रार विळा हातात धरणाऱ्याचीच आहे.

संस्कृतने मात्र निराळी वाट काढली. 'प्रतिकूल' म्हणजे कूलाच्या, तीराच्या विरुद्ध. 'प्रतीप' या शब्दात तर पाणीच आहे. 'प्रति' आणि 'अप्' मिळून तो झाला आहे. प्रवाहाच्या उलट जाणारा तो प्रतीप. इथे स्वार नाही, लगाम नाही, चाबूक नाही. नदी आहे आणि नदीच्या उलट जाणारे कोणीतरी आहे. तो मासा आहे, नावाडी आहे की ओंडका आहे हे शब्द सांगत नाही, आणि उलट जाणे चांगले की वाईट हेही सांगत नाही. महाभारतात या नावाचा राजाच आहे. शंतनूचा पिता आणि भीष्माचा आजोबा. बापाने मुलाचे नाव प्रतीप ठेवले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला त्या रात्री फार आवडली.

*

पण एवढ्यावर थांबलो असतो तर ती एक शब्दांची करमणूक झाली असती. प्रत्येक लाथ झाडणारा बरोबर आणि प्रत्येक लगाम धरणारा चूक, असा निष्कर्ष काढून मी झोपी गेलो असतो. त्याच शोधात एक जुनी ग्रीक म्हण भेटली आणि तिने ही सोय काढून घेतली.

आपल्याकडे बैल हाकायला पराणी असते. लांब काठी आणि तिच्या टोकाला लोखंडी आर. ग्रीकांकडेही ती होती, आणि पराणीवर लाथ मारू नये, अशी त्यांची म्हण होती. बैलाने चिडून मागे लाथ मारली की आर अधिकच रुतते. अर्थ सरळ आहे. ज्याच्यापुढे इलाज नाही त्याच्याशी झगडून स्वतःलाच इजा करून घेऊ नकोस.

एस्किलसच्या 'अ‍ॅगमेम्नॉन' या इ. स. पू. ४५८ मधल्या नाटकाच्या शेवटी ही म्हण येते. राजाचा खून झाला आहे. खुनाच्या कटातला एजिस्थस आता सत्ता बळकावून बसला आहे. नगरातले म्हातारे त्याला तोंडावर दोष देतात, तेव्हा तो त्यांना ही म्हण ऐकवतो. प्रेक्षकाला त्या क्षणी काय वाटते? म्हाताऱ्यांनी लाथ मारावी असेच वाटते. युरिपिडीसच्या 'बॅकाय' नाटकात हीच म्हण डायोनिसस हा देव पेन्थिअस राजाला ऐकवतो. राजा ऐकत नाही आणि त्याचा भयानक अंत होतो. तिथे आपल्याला राजाची कीव येते आणि देवाची भीती वाटते. कोण चूक हे ठरवणे कठीण जाते. तिसऱ्यांदा ती म्हण बायबलच्या नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात येते. ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करायला दमास्कसला निघालेल्या शौलाला वाटेत आकाशवाणी ऐकू येते, आणि ती त्याला हेच सांगते. लॅटिन बायबलमध्ये या जागी टाचेपासून झालेले तेच लाथ मारण्याचे क्रियापद आहे. शौल लाथ मारणे थांबवतो आणि पौल होतो.

म्हण एकच. एकदा ती खुन्याच्या तोंडी आहे, एकदा कोपलेल्या देवाच्या आणि एकदा कृपावंत ईश्वराच्या. तेव्हा लाथ मारणे चांगले की वाईट हा प्रश्न लाथेकडे पाहून सुटत नाही. पराणी कोणाच्या हातात आहे आणि ती बैलाला कुठे हाकते आहे, हे पाहावे लागते. आणि अडचण अशी की, बैलाला हे कळावे कसे? त्याला दिसत असते समोरची वाट आणि जाणवत असते मागची आर. आपल्याला टोचणारी प्रत्येक गोष्ट अन्यायच असते असे नाही. कधी कधी ती फक्त खरी असते.

*

मग हट्टात फरक करावा कसा? मी काही तत्त्वज्ञ नाही. पण तीन माणसे डोळ्यांपुढे ठेवून मी थोडा विचार केला.

पहिले रघुनाथ धोंडो कर्वे. तेही गणिताचेच शिक्षक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या विषयाचा प्रचार थांबवावा की नोकरी ठेवावी असा प्रश्न आला तेव्हा १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही खटला हरला आणि दंड झाला. दंड भरून हे गृहस्थ पुढचा अंक काढायला बसले. त्या काळच्या पुष्कळ सभ्य लोकांना कर्वे हे विकृत आणि हेकट वाटत होते. आज त्यांचे म्हणणे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेले असते. पण ते बरोबर ठरले म्हणून त्यांचा हट्ट चांगला, असे म्हणणे म्हणजे निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. त्यांच्या हट्टात मला दिसते ते दुसरेच. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, आणि ज्यांनी त्यांच्याबरोबर मोजली त्या मालतीबाई त्यांच्या कामात जाणतेपणी उभ्या होत्या.

दुसरा भीष्म, वर आलेल्या प्रतीपाचा नातू. त्याच्या प्रतिज्ञेचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. राज्यत्याग त्याने स्वतःचा केला. पण पुढे अंबा त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा प्रतिज्ञेची किंमत मोजण्याची पाळी तिच्यावर आली. तिला ना शाल्वाने स्वीकारले ना भीष्माने. तिने अग्नी जवळ केला. भीष्माने प्रतिज्ञा मोडायला हवी होती की नाही हा वाद कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवला आहे. मला एवढेच दिसते की, ज्या दिवशी आपल्या निश्चयाचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते, त्या दिवशी त्या निश्चयाचा पुन्हा विचार करण्याचे कर्तव्य निर्माण होते. विचार करून तो कायम ठेवता येईल, पण विचार चुकवता येत नाही.

तिसरा जोसेफ प्रीस्टली, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ऑक्सिजनवाला. धर्म आणि राजकारण यांत तो इंग्लंडमधल्या प्रस्थापितांच्या विरुद्ध मते मांडत राहिला. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. तरी त्याने मते बदलली नाहीत. शेवटी १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला. या माणसापुढे आपण हात जोडतो. पण हाच माणूस, १७७४ साली स्वतः ऑक्सिजन वेगळा करून दाखवल्यावरही, जळणे म्हणजे पदार्थातून फ्लॉजिस्टन निघून जाणे हे जुने मत सोडायला तयार नव्हता. लाव्हाझिएने नवी मांडणी केली, बहुतेक रसायनशास्त्रज्ञ तिकडे गेले, आणि प्रीस्टलीने १८०० साली फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. १८०४ मध्ये तो वारला तो त्या मतासह. एकच टाच. एका ठिकाणी ती अन्यायाला लागली, दुसऱ्या ठिकाणी सत्याला. त्याला स्वतःला आतून दोन्ही वेळा सारखेच वाटले असणार. आपण ठाम आहोत ही भावना आपण बरोबर आहोत याचा पुरावा नाही, हे मला प्रीस्टलीने शिकवले.

*

आता ज्या शब्दाने माझी झोप उडाली त्याच्याकडे येतो. शब्दकोशात 'काल्क्स'च्या, म्हणजे टाचेच्या, कुळातले शब्द पाहताना आणखी एक ओळखीचा शब्द भेटला : 'इन्कल्केट'. शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात, प्रत्येक अहवालात हा शब्द असतो. मुलांमध्ये मूल्ये रुजवणे, संस्कार बिंबवणे. त्याचे मूळ काय? टाचेने तुडवून आत दाबणे. मूल्ये रुजवणारा शिक्षक आणि दुगाण्या झाडणारा विद्यार्थी हे दोन्ही शब्द एकाच टाचेतून निघाले आहेत. घोड्याला टाच मारणारा स्वार, मिळकतीवर टाच आणणारी कचेरी आणि मुलांवर संस्कार करणारे आपण, असे सारे एका रांगेत उभे राहिलेले मला त्या रात्री दिसले.

आणि एक मुलगा आठवला. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी नवा सहशिक्षक होतो. नववीच्या वर्गात एका मुलाने निबंधात 'जजमेंट' हा शब्द 'जी'च्या पुढे 'ई' घालून लिहिला. मी त्यावर लाल फुली मारली आणि शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. त्याने आणला नाही. म्हणाला, "सर, माझ्या मामाच्या पुस्तकात असंच आहे." वर्ग हसला. मी त्याला बाहेर उभे केले. त्या रात्री शब्दकोश पाहिला. दोन्ही स्पेलिंगे चालतात. दुसऱ्या दिवशी मी काय करायला हवे होते ते सांगण्यासाठी एम. ए. होण्याची गरज नाही. मी त्याला पुन्हा बाहेर उभे केले. आता प्रश्न स्पेलिंगचा नव्हता, वर्ग हसला होता त्याचा होता.

तिसऱ्या दिवशी आमचे हे गणिताचे सर व्हरांड्यातून जाताना थांबले. मुलाला काय झाले ते विचारले. मग दारातून मला म्हणाले, "डिक्शनरीत बघितलंत काय?"

"बघितलं," मी म्हणालो.

"मग?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते निघून गेले. चौथ्या दिवशी मी मुलाला "जा, बस आत" म्हटले. मी त्याला मोठ्या मनाने माफ केले असा वर्गाचा समज झाला. कदाचित त्याचाही झाला असेल. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी 'हट्टी आहे' असा शेरा लिहिला. त्याच्या वडिलांनी त्या शेऱ्याखाली अंगठा उठवून पुस्तक परत पाठवले. आपण कशाखाली अंगठा उठवतो आहोत हे त्यांना कोणी वाचून दाखवले होते की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

*

तर अभिप्राय. सरांच्या बाजूने उभे राहणे सोपे व्हावे असा हा प्रसंग नव्हता, हेही सांगायला हवे. त्या वर्षी आमच्या एका मुलीला ६२५ पैकी ३७३ गुण मिळाले. दोन गुण अधिक असते तर पहिला वर्ग, आणि पहिल्या वर्गालाच मिळणारी एक शिष्यवृत्ती. सरांनी तिला वीसपैकी १४ दिले होते. दुसऱ्या एखाद्या शाळेत तिला १९ मिळाले असते. तिची आई माझ्याकडे आली होती. रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "सर, दोन मार्कं कुठं सांडली हो माझ्या पोरीची?"

मी सरांना ते सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वर्षभर वही न उघडणाऱ्यालाही एकोणीस द्यायचे, तर वही उघडणाऱ्या पोरांनी काय समजायचं? त्यांना कळतं हो सगळं." म्हणणे खरे होते. आईचा प्रश्नही खरा होता. सरांच्या हट्टाचे थोडे बिल त्या मुलीच्या नावावर फाटले होते, आणि सगळीकडे खोटे गुण वाटले जात असताना एकानेच खरे गुण देणे हा न्याय की आणखी एक अन्याय, याचे उत्तर मला आजही पूर्ण देता येत नाही. एवढे मात्र कळत होते की, 'रिकॅल्सिट्रंट' हा शब्द यांतल्या कशालाही स्पर्श करत नव्हता. जो माणूस सहा पानांचे कारण लेखी देतो, त्याच्याशी वाद घालता येतो. विशेषण लावले की वाद घालावा लागत नाही.

हे सारे समजून मी आठव्या दिवशी काय लिहिले? 'सदर शिक्षक अध्यापनात कार्यक्षम आहेत. प्रस्तुत बाबतीत त्यांना योग्य ती समज देण्यात आली आहे.' दोन वाक्ये. त्यांत खोटे असे फारसे नव्हते आणि खरे असे काहीच नव्हते. सरांवर कारवाई झाली नाही. दहावीचा वर्ग मात्र त्यांच्याकडून काढून घेतला गेला. पुढे ते सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्या निःस्पृहतेवर दहा मिनिटे बोललो. पत्राचा उल्लेख अर्थातच नव्हता.

तेव्हापासून एक नियम मी शाळेत लावला आहे. मुलाविषयी किंवा शिक्षकाविषयी कागदावर विशेषण लिहायचे नाही. उद्धट, हट्टी, बेफिकीर यांतले काही नाही. काय सांगितले होते, त्याने काय केले, कारण काय दिले, एवढे लिहायचे. विशेषणात लगाम धरणारा दिसत नाही, घोडाच तेवढा दिसतो. पूर्ण वाक्य लिहिले की दोघेही दिसतात. तरुण शिक्षकांना हा नियम कटकटीचा वाटतो. एका शिक्षकांनी एकदा अर्धे पान लिहिले, स्वतःच वाचले आणि म्हणाले, "सर, हे राहू दे." दुसऱ्या एकांनी अर्धे पान लिहिले आणि त्या मुलाची चूक खरोखरच मोठी होती. त्याला शिक्षा झाली. नियम हट्टी मुलांना वाचवण्यासाठी नाही. आम्हाला पाहता यावे म्हणून आहे.

गेल्या दिवाळीत सरांच्या घरी गेलो होतो. फराळ झाला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते पत्र आणि माझा अभिप्राय या दोन्ही गोष्टी मी त्यांना सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतले. त्यात त्यांना काही नवीन वाटलेले दिसले नाही. मला वाटले, ते आता काहीतरी म्हणतील, मला बरे वाटेल किंवा वाईट वाटेल असे काहीतरी. पण त्यांनी विचारले ते वेगळेच.

"ती मुलगी काय करते हो आता? तीनशे त्र्याहत्तरवाली."

मी सांगितले की, तिने बी. कॉम. केले, आता एका पतसंस्थेत आहे, बरे चालले आहे.

"बरं झालं," ते म्हणाले. मग ताटलीतली चकली मोडत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चौदाच होते तिचे. मी तिची वही तीनदा बघितली होती."